न्यूट्रॉन परिषदेचा निधी: पहिल्या बैठकीपासून शेवटच्या उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

परिषद भरवायची ठरली की पहिल्या बैठकीत वक्त्यांची नावं निघतात. फळ्यावर दहा-बारा नावं होतात, त्यांतली निम्मी ग्रेनोबल, हार्वेल नाहीतर तोकाईच्या परदेशी न्यूट्रॉन केंद्रांतली असतात. सगळे खूश असताना कोणीतरी विचारतं, "पण पैसे कुठून आणायचे?" खरं तर बैठक याच प्रश्नाने सुरू व्हायला हवी.

आपल्याकडे न्यूट्रॉन स्कॅटरिंगच्या, म्हणजे न्यूट्रॉनचा झोत टाकून पदार्थाची आतली रचना पाहण्याच्या तंत्राच्या, परिषदा सहसा एकूण निधी कमी पडला म्हणून अडत नाहीत. मंजूर झालेला पैसा केटररला द्यायच्या दिवशी खात्यात आलेला नसतो, आणि जो आलेला असतो तो केटररला देता येत नाही, कारण तो फक्त प्रवासखर्चासाठी मंजूर झालेला असतो. प्रत्येक रुपयाला एक तारीख असते आणि एक हेड, म्हणजे ज्या कलमावर तो खर्च करता येतो ते, असतं. बेरीज जुळवण्यापेक्षा या दोन गोष्टी जुळवण्यातच खजिनदाराचं बहुतेक काम आहे.

पुढचं सगळं एका काल्पनिक पण नेहमीच्या आकाराच्या परिषदेवर बेतलं आहे: मुंबईत अणुशक्तीनगरला, तीन दिवसांची, दीडशे माणसांची. आकडे तुमच्या शहराप्रमाणे बदलून घ्या.

आधी आपली माणसं ओळखा

न्यूट्रॉनवाले थोडे आणि विखुरलेले. एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर विद्यापीठाच्या विभागात ठेवता येतो, न्यूट्रॉनचा स्रोत ठेवता येत नाही. त्यासाठी अणुभट्टी लागते नाहीतर मोठा त्वरक. आपल्याकडे तुर्भ्याला (ट्रॉम्बे) १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये १०० मेगावॉटची ध्रुव. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाल्यापासून देशातल्या न्यूट्रॉन स्कॅटरिंगचा मुख्य भार ध्रुववर आहे. विद्यापीठांतले संशोधक तिथे प्रामुख्याने यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग (डीएई) यांच्या संयुक्त कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत येतात, आणि काही जण बीमटाइम, म्हणजे न्यूट्रॉनच्या झोतावर प्रयोगासाठी ठरवून दिलेला वेळ, मिळवून ब्रिटनमधल्या आयसिस किंवा जपानमधल्या जे-पार्क या न्यूट्रॉन केंद्रांत जातात.

निधीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. औषध कंपन्या डॉक्टरांच्या परिषदांवर जसा खर्च करतात तसा करणारा उद्योग इथे नाही. येणारे बहुतेक सरकारी पगारावर किंवा फेलोशिपवर असतात, आणि त्यांचं नोंदणी शुल्क कुठल्या तरी प्रकल्पातून जातं. मात्र न्यूट्रॉन केंद्रांना नवे वापरकर्ते हवेच असतात, म्हणून तीच तुमची नैसर्गिक पाठीराखी. जगात हेच दिसतं. दर चार वर्षांनी होणारी न्यूट्रॉन स्कॅटरिंगची आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ मध्ये देजॉनला झाली, जिथे हानारो अणुभट्टी आहे. २०२५ मध्ये ती कोपनहेगनला झाली, जिथून पूल ओलांडला की स्वीडनमधल्या लुंडला युरोपियन स्पॅलेशन सोर्स हा त्वरकावर चालणारा नवा न्यूट्रॉन स्रोत उभा राहतो आहे. आशिया-ओशनियाची पहिली परिषद २०११ मध्ये त्सुकुबाला झाली, तीही जे-पार्कपासून फार लांब नाही. यजमानपद बहुधा स्रोताच्या आसपासच फिरतं, कारण माणसं, सभागृह आणि पहिली थैली तिथेच असते.

पायरी १: पैसे कोणाच्या खात्यात येणार?

हे ठरल्याशिवाय एकही पत्र पाठवू नका. पर्याय तीनच: यजमान संस्था (विद्यापीठ, आयआयटी, संशोधन केंद्र), एखादी नोंदणीकृत विज्ञान संस्था, किंवा दोघांमध्ये वाटणी.

सरकारी संशोधन केंद्रातले लोक संयोजक असतील तर वाटणीचा मार्ग बरा. केंद्र सरकारच्या सेवावर्तन नियमांनुसार सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी किंवा निधी गोळा करता येत नाही. त्यात तुम्ही ज्या कंपनीकडून पंप विकत घेता तिलाच स्टॉलसाठी पैसे मागितले, तर उद्या लेखापरीक्षणात प्रश्न येणारच. म्हणून प्रायोजकांचा आणि नोंदणी शुल्काचा पैसा विज्ञान संस्थेच्या खात्यात घ्या, सरकारी अनुदान यजमान संस्थेच्या खात्यात. प्रायोजकांशी पत्रव्यवहारही संस्थेच्या लेटरहेडवर आणि शक्यतो खरेदी समितीवर नसलेल्या माणसाने करावा.

ज्या संस्थेच्या खात्यात पैसे येणार तिच्याकडे पॅन आणि आयकर खात्याची धर्मादाय नोंदणी चालू आहे का, जीएसटी नोंदणी आहे की घ्यावी लागेल, परदेशी देणगी घेण्यासाठी एफसीआरए नोंदणी आहे का, आणि खातं कोणाच्या सहीने चालतं, हे विचारा. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. सही करणारे दोघं वेगवेगळ्या शहरांत असले आणि त्यांतला एक परिषदेच्या आठवड्यात प्रयोगासाठी परदेशी गेला, की चेक निघत नाही.

परिषदेसाठी वेगळं बँक खातं, निदान वेगळा लेजर, पहिल्या दिवसापासून हवाच.

पायरी २: दोन अंदाजपत्रकं करा

एक तुम्हाला हवी तशी परिषद, दुसरी पोटापुरती. आधी पोटापुरतीच लिहा.

खर्च दोन भागांत मांडा: माणूस वाढला की वाढणारा, आणि माणसं कितीही असली तरी होणारा. दीडशे जणांच्या उदाहरणात माणशी खर्च असा धरू: तीन दिवसांचा चहा-नाश्ता-जेवण ३,६०० रुपये, एका रात्रीचं औपचारिक भोजन १,५००, पिशवी-बिल्ला-पुस्तिका ५००. एकूण ५,६००. दीडशे जणांचे ८ लाख ४० हजार.

आता दुसरा भाग. सभागृह, ध्वनी, पडदा दीड लाख. संकेतस्थळ आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (शोधनिबंधांचे सारांश) स्वीकारण्याची यंत्रणा ६० हजार. बारा भारतीय निमंत्रितांचा प्रवास व मुक्काम २ लाख ४० हजार. आठ परदेशी निमंत्रितांची तिकिटं ७ लाख २० हजार आणि हॉटेल १ लाख ९२ हजार. पोस्टर बोर्ड ३० हजार, बसगाड्या ९० हजार, लेखापरीक्षण-बँक-किरकोळ ५० हजार. तीस विद्यार्थ्यांना प्रवास-निवास मदत १ लाख ८० हजार. बेरीज १७ लाख १२ हजार.

दोन्ही मिळून २५ लाख ५२ हजार. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्च धरला की साधारण २८ लाख.

आता शुल्क बघा. साठ विद्यार्थी ३,००० रुपयांनी, साठ शास्त्रज्ञ-प्राध्यापक ८,००० नी, दहा परदेशी २५,००० नी, आणि वीस निमंत्रित फुकट. एकूण ९ लाख १० हजार. म्हणजे सगळं शुल्क गोळा होऊन जेवणखाण आणि पिशव्या भागतात, वर जेमतेम ७० हजार उरतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागे तुम्ही २,६०० रुपये पदरचे घालता, प्रत्येक प्राध्यापकामागे २,४०० मिळवता. उरलेले १९ लाख अनुदान आणि प्रायोजकांकडून यायला हवेत, आणि त्यांतला जवळजवळ निम्मा भाग आठ परदेशी पाहुण्यांचा आहे.

म्हणून पोटापुरत्या अंदाजपत्रकात परदेशी पाहुणे तीन करा. बाकीच्यांना "निधीच्या अधीन राहून" असं स्पष्ट लिहून कळवा, किंवा त्यांचं व्याख्यान ऑनलाइन ठेवा. ज्येष्ठांना हे आवडत नाही. परिषदेची शान परदेशी नावांवर ठरते असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत उलट आहे. ग्रेनोबलचा आठवा वक्ता रद्द करून त्या तिकिटाच्या पैशात पंधरा विद्यार्थी आणले, तर ध्रुववरच्या बीमटाइमचे अर्ज वाढतील. समितीला हे पटवायचं तर वरच्या बेरजा तिच्यासमोर ठेवा. तोंडी वाद घालून उपयोग होत नाही.

पायरी ३: तारीख पैशाकडे बघून ठरवा

सरकारी आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण नव्या वर्षाचा निधी संस्थांपर्यंत उतरायला वेळ लागतो. एप्रिल-मेची परिषद म्हणून धोक्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्याल तर ३१ मार्चच्या आत बिलं चुकवण्याची धावपळ, आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षात नेण्यासाठी पत्रव्यवहार. जून ते सप्टेंबर मुंबईत पाऊस. लोकल बंद पडली की अर्धं सभागृह रिकामं. उरतात ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि जानेवारी.

डिसेंबर का नाही? कारण अणुऊर्जा विभागाचा सॉलिड स्टेट फिजिक्स सिम्पोझियम डिसेंबरात असतो. तुमचे श्रोते तेच, अनुदान देणारेही बऱ्याच अंशी तेच. त्याच्याशी स्पर्धा करू नका. हवं तर त्यालाच जोडून दोन दिवसांची परिषद घ्या. प्रवासखर्च वाचतो आणि प्रायोजकांनाही एकाच फेरीत दोन स्टॉल लावता येतात.

अठरा महिने आधी यजमान आणि खातं ठरलेलं असावं, चौदा महिने आधी आंतरराष्ट्रीय संघटनांचे अर्ज, दहा ते बारा महिने आधी देशातले अनुदान अर्ज, आठ महिने आधी प्रायोजकांना पहिलं पत्र, सहा महिने आधी नोंदणी खुली. याहून उशीर झाला तर आंतरराष्ट्रीय मदतीचा विचार सोडा आणि परिषद राष्ट्रीय पातळीवर करा.

पायरी ४: सरकारी अनुदानं

इथे वेळ घालवा, कारण १९ लाखांतला मोठा वाटा इथूनच येतो.

पहिलं दार अणुऊर्जा विभागाच्या बोर्ड ऑफ रिसर्च इन न्यूक्लिअर सायन्सेसचं, म्हणजे बीआरएनएसचं. विषय थेट त्यांचाच असल्याने परिषदेचा कणा बहुधा हेच अनुदान असतं. दुसरं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम. त्यांचा भर विद्यापीठातल्या वापरकर्त्यांवर, म्हणून त्यांच्याकडे विद्यार्थी मदत किंवा परिषदेआधीची कार्यशाळा मागा. तिसरं सीएसआयआरचं परिसंवाद अनुदान. चौथं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, ज्यात पूर्वीचं एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, विलीन झालं. अर्ज मागवण्याच्या तारखा पोर्टलवर पाहा. डीआरडीओकडेही जाता येतं, पण तेव्हा कार्यक्रमात पदार्थविज्ञानाचं उपयोजित सत्र खरोखर असायला हवं, उदाहरणार्थ न्यूट्रॉन वापरून वेल्डमधला अवशिष्ट ताण मोजणं. नसताना नुसतं अर्जात लिहू नका. परीक्षक त्याच वर्तुळातले असतात, त्यांना कार्यक्रम पत्रिका तोंडपाठ असते.

अर्ज लिहिताना "न्यूट्रॉन हे पदार्थाच्या अभ्यासाचं महत्त्वाचं साधन आहे" या वाक्याने सुरुवात करणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. परीक्षकाला ते माहीत आहे. त्याला हवं असतं ते असं: मागच्या परिषदेला आलेल्यांपैकी किती जणांनी पुढच्या दोन वर्षांत बीमटाइमचा अर्ज केला, किती नव्या विद्यापीठांतून लोक आले, आणि या वेळी कोणती उणीव भरून काढायची आहे. हे आकडे मागच्या संयोजकांकडे आणि केंद्राच्या वापरकर्ता कार्यालयाकडे मिळतात, मागून घ्या. हायड्रोजन साठवणारे पदार्थ, बॅटरीतला लिथियम, प्रथिनांची रचना अशा हलक्या अणूंच्या विषयांत न्यूट्रॉन एक्स-रेपेक्षा जास्त दाखवतात. तिथे काम करणारे पण ध्रुवला कधीच न आलेले गट कोणते, हे नावानिशी लिहिलं तर अर्ज उठून दिसतो.

मग हेडची वाटणी. चारही ठिकाणी "परिषदेसाठी पाच लाख" असं मागू नका. एक तक्ता करा: डावीकडे खर्चाची कलमं, वर अनुदान देणारे. देशांतर्गत निमंत्रितांचा प्रवास एकाकडे, विद्यार्थ्यांची मदत दुसऱ्याकडे, छपाई आणि सभागृह तिसऱ्याकडे. प्रत्येक अर्जात बाकीच्या अर्जांचा उल्लेख करा. बहुतेक नमुन्यांत तसा रकानाच असतो. एकच बिल दोन अनुदानांत दाखवणं हा सरळ गैरव्यवहार आहे, आणि तो घाईतच घडतो.

मेजवानी, भेटवस्तू आणि सांस्कृतिक कार्यक्रम सरकारी अनुदानात बसवू नका. तेवढ्यासाठी प्रायोजक शोधायचे.

मागितलेली पूर्ण रक्कम मिळेल असं धरू नका. मंजुरीपत्र आलं तरी पैसा आला असं नाही. अनुदान आता पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन यंत्रणेमार्गे येतं, हप्त्यांत येतं, कधी परिषद उरकल्यावर प्रतिपूर्ती म्हणून येतं. म्हणून यजमान संस्थेच्या संचालकांकडून लेखी घ्या, की मंजुरीपत्राच्या आधारे संस्था स्वतःच्या निधीतून आगाऊ रक्कम देईल. हे पत्र हाती नसताना केटररचा करार करणं म्हणजे स्वतःच्या बचत खात्यावर परिषद भरवणं. एका संस्थेत संयोजकाने हॉटेलचं बिल खरोखरच स्वतःच्या क्रेडिट कार्डावर भरलं, आणि लेखा विभागाने त्याला पुढचे कित्येक महिने "बिल संस्थेच्या नावावर का नाही" एवढाच प्रश्न विचारला.

पायरी ५: आंतरराष्ट्रीय संघटना

शुद्ध व उपयोजित भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आययूपॅप, निवडक परिषदांना पाठिंबा देते. रक्कम मोठी नसते, पण त्यांचं नाव मिळालं की इतर दारं उघडतात. त्यांच्या अटी मात्र कडक: कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञाला प्रवेश नाकारायचा नाही, नोंदणी शुल्क त्यांनी ठरवलेल्या मर्यादेत, समितीत आणि निमंत्रितांत स्त्रियांना योग्य स्थान, छळविरोधी धोरण जाहीर. अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो. स्फटिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना तरुण संशोधकांच्या प्रवासाला मदत करते; कार्यक्रमात डिफ्रॅक्शनचं सत्र असेल तर तिकडे जरूर लिहा. आशिया-ओशनियाच्या न्यूट्रॉन संघटनेकडे, म्हणजे २००८ मध्ये स्थापन झालेल्या एऑन्साकडे, पैशापेक्षा त्यांचं नाव आणि त्यांच्या देशांतले वक्ते मागा.

आता एफसीआरए. परदेशी संघटनेची देणगी नोंदणी नसलेल्या भारतीय संस्थेच्या खात्यात घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी ती आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगकडून सक्तीने लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थांना यातून सूट आहे. यजमान तशी असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर संघटनेला विनंती करा की रक्कम इकडे न पाठवता परदेशी वक्त्याचं तिकीट त्यांनीच काढावं. परदेशी सहभागींनी भरलेलं नोंदणी शुल्क ही वेगळी गोष्ट. ते सेवेचं मोल आहे, देणगी नव्हे. तरीही बँकेला पावत्या दाखवाव्या लागतात, म्हणून प्रत्येक परदेशी रकमेसोबत नाव आणि इनव्हॉइस क्रमांक ठेवा.

पायरी ६: प्रायोजक

यादी तीन वर्तुळांत करा. आतलं वर्तुळ न्यूट्रॉनचीच उपकरणं बनवणाऱ्यांचं: गाइड आणि सुपरमिरर, डिटेक्टर, चॉपर, मोनोक्रोमेटर. हे जगात मोजकेच, बहुतेक युरोपातले, आणि भारतात त्यांचे ग्राहक एका हाताच्या बोटांवर. त्यांच्याकडून मोठी रक्कम मिळत नाही. एखादं भारतीय केंद्र नवं उपकरण उभारणार असेल त्या वर्षी मात्र ते आपण होऊन येतात.

दुसरं वर्तुळ नमुन्याभोवतीच्या साधनांचं: क्रायोस्टॅट, चुंबक, व्हॅक्यूम पंप, तापमान नियंत्रक, द्रव हेलियम. खरे प्रायोजक इथे आहेत, कारण तीच यंत्रं विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनाही लागतात. तिसरं वर्तुळ प्रयोगशाळेतल्या एक्स-रे आणि चुंबकीय मोजमापाच्या यंत्रांचं. न्यूट्रॉनला जाण्याआधी प्रत्येक जण नमुना एक्स-रेवर तपासतो, म्हणून या कंपन्यांना तुमचे दीडशे श्रोते म्हणजे तयार गिऱ्हाईक. भारतीय निर्यातदार आणि उत्पादकही विसरू नका. क्रायोजेनिक टाक्या आणि व्हॅक्यूम यंत्रणा बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या वडोदरा आणि बंगळुरूत आहेत.

परदेशी कंपनीच्या मुख्यालयाला लिहू नका. मुंबई-पुण्यातल्या विक्री व्यवस्थापकाला लिहा, नंतर फोन करा. बऱ्याच परदेशी कंपन्यांचं बजेट कॅलेंडर वर्षाने चालतं, भारतीय कंपन्यांचं एप्रिलपासून. दोघांनाही वर्ष सुरू होण्याआधी गाठायला हवं. पहिलं पत्र एका पानाचं असावं: कधी, कुठे, किती लोक, त्यांतले प्रकल्पप्रमुख किती, गेल्या वेळी कोणते स्टॉल होते, आणि तीन दर. उदाहरणार्थ स्टॉल ७५ हजार, स्टॉल आणि पंधरा मिनिटांचं तांत्रिक भाषण दीड लाख, पोस्टर सेशनचं प्रायोजकत्व अडीच लाख. सुवर्ण-रौप्य-कांस्य अशी सात थरांची उतरंड छोट्या परिषदेत हास्यास्पद दिसते.

विक्रेत्याला लोगोपेक्षा माणसं हवी असतात. म्हणून स्टॉल कुठे लावता याला लोगोच्या आकारापेक्षा जास्त किंमत आहे. चहाचं टेबल हॉलच्या एका टोकाला आणि पोस्टर दुसऱ्या टोकाला ठेवा, मध्ये दोन्ही बाजूंना स्टॉल. हातात कप घेऊन पोस्टरकडे निघालेला माणूस क्रायोस्टॅटच्या उघड्या मॉडेलपाशी थांबतोच. हेच स्टॉल बाहेरच्या व्हरांड्यात लावले तर तीन दिवस तो व्यवस्थापक मोबाइल बघत बसतो आणि पुढच्या वेळी तुमचा फोन उचलत नाही.

कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीमागे धावू नका. कंपनी कायद्याच्या सीएसआर नियमांत, उत्पादनाच्या जाहिरातीचा फायदा घेण्यासाठी केलेलं प्रायोजकत्व धरलं जात नाही. तुम्ही स्टॉल आणि लोगो देता, म्हणजे हे प्रायोजकत्वच. कंपनीचा मार्केटिंग विभाग हाच तुमचा पत्ता.

रक्कम घेताना देणगी आणि प्रायोजकत्व यांची सरमिसळ नको. बदल्यात काही दिलं तर ते प्रायोजकत्व: इनव्हॉइस, जीएसटी, टीडीएस. प्रायोजकत्वावरचा जीएसटी कोणी भरायचा, तुम्ही की कंपनीने, हे पैसे घेणारी संस्था कोणत्या स्वरूपाची आहे यावर ठरतं, आणि जानेवारी २०२५ पासून त्या नियमात बदल झाला आहे. सीएला एकदा विचारून इनव्हॉइसचा नमुना पक्का करा. दर सांगताना "अधिक जीएसटी" लिहायला विसरलात तर दीड लाखातले २७ हजार तुमच्या खिशातून जातील.

परदेशी न्यूट्रॉन केंद्रांनाही पत्र पाठवा. ती रोख रक्कम क्वचितच देतात, पण स्वतःच्या खर्चाने एक-दोन शास्त्रज्ञ पाठवतात. वरच्या अंदाजपत्रकात असा एक पाहुणा म्हणजे लाखाहून जास्त बचत. प्रायोजकांच्या यादीत त्यांचं नाव कंपन्यांच्या बरोबरीने घाला.

पायरी ७: नोंदणी शुल्क

सवलतीची मुदत खरी ठेवा. दर वेळी दोन आठवडे वाढणाऱ्या मुदतीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि परिषदेआधी तुमच्या हातात येणारा मोकळा पैसा हाच असतो. त्याला हेडचं बंधन नाही.

पावतीवर नोंदणी शुल्क, निवास आणि मेजवानी वेगवेगळं दाखवा. अनेक प्रकल्पांतून फक्त नोंदणी शुल्क परत मिळतं. एकत्रित पावती दिली तर प्राध्यापक तीन महिने तुम्हाला मेल करत राहतात. विद्यार्थ्यांची मदत देण्यासाठी शुल्क माफ करू नका. शुल्क सगळ्यांकडून घ्या आणि मदत वेगळी त्यांच्या बँक खात्यात जमा करा. कागदावर दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात, आणि आलेच नाहीत त्यांच्यावर खर्च होत नाही.

पायरी ८: परवानग्या, कारण त्यांनाही किंमत आहे

परदेशी पाहुणे असलेल्या परिषदेला परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि गृह मंत्रालयाची कार्यक्रम मंजुरी लागते. त्याशिवाय पाहुण्याला कॉन्फरन्स व्हिसा मिळत नाही. अणुऊर्जा विभागाच्या आवारात परदेशी नागरिक येणार असेल, ध्रुव पाहणार असेल, तर सुरक्षेची वेगळी मंजुरी. हे अर्ज महिनोन्‌महिने आधी करा, आणि मंजुरी येईपर्यंत फक्त परतावा मिळणारी तिकिटं काढा. सभागृह आणि हॉटेलच्या करारातही रद्द करण्याची अट वाचून घ्या. अर्जेंटिनाने घेतलेली आंतरराष्ट्रीय न्यूट्रॉन परिषद महामारीमुळे २०२१ वरून २०२२ वर गेली आणि शेवटी ऑनलाइन झाली; अशा वेळी करारातल्या त्या एका परिच्छेदावर सगळं ठरतं.

सरकारी पैशातून विमान तिकीट काढायचं असेल तर बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढण्याचा नियम तुमच्या संस्थेला लागू आहे का, हे आधी विचारा. पाहुण्याने स्वतः स्वस्तात काढलेलं तिकीट नंतर नामंजूर झालं तर ती लाज तुमची.

पायरी ९: ते तीन दिवस

खजिनदाराने या तीन दिवसांत व्याख्यानं ऐकायची नाहीत. त्याची जागा नोंदणी कक्षात.

प्रत्येक निमंत्रितासाठी आणि मदत मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी एक खाकी पाकीट तयार ठेवा. वर नाव, आत भरलेला प्रवासभत्त्याचा फॉर्म, ज्यात फक्त सही आणि खाते क्रमांक बाकी. बिल्ला देतानाच येतानाचा बोर्डिंग पास आणि रद्द केलेला चेक त्या पाकिटात घ्या. जातानाच्या प्रवासासाठी दुसरं छोटं पाकीट पत्ता लिहून हातात द्या, किंवा फोटो कोणत्या मेलवर पाठवायचा ते त्यावर लिहा. माणूस एकदा दादरहून गाडीत बसला की त्याच्याकडून बोर्डिंग पास मिळवणं दुरापास्त.

परदेशी वक्त्यांना मानधन देऊ नका. कर, पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचे फॉर्म यांत मानधनापेक्षा जास्त कष्ट जातात. तिकीट आणि हॉटेल थेट तुम्हीच भरा.

केटररला रोजची ताटं मोजून सही करा. दीडशेची ऑर्डर, प्रत्यक्षात एकशेदहा जेवले, असं पहिल्याच दुपारी कळलं तर उरलेल्या दोन दिवसांची संख्या कमी करता येते. करारात ही मुभा आधीच घातलेली असावी.

पायरी १०: यूसी

उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे यूसी, सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात, सोबत खर्चाचं विवरण आणि सनदी लेखापालाची किंवा संस्थेच्या वित्त अधिकाऱ्याची सही. प्रत्येक अनुदानाचं वेगळं. अनुदानाच्या रकमेवर बँकेत व्याज मिळालं असेल तर तेही सरकारचं; उरलेल्या रकमेसोबत भारतकोश या सरकारी भरणा संकेतस्थळावर परत भरायचं आणि पावती यूसीला जोडायची. बऱ्याच यूसी या व्याजाच्या दोन-तीनशे रुपयांवरून परत येतात.

नियमाने आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात, पण तुम्ही परिषदेनंतर सहा आठवड्यांत संपवा. तेव्हा केटररला हिशेब आठवतो, बस कंपनीचा माणूस फोन उचलतो आणि स्वयंसेवक विद्यार्थी अजून शहरात असतात. जुनी यूसी थकली असेल तर त्याच संस्थेला, त्याच विभागाला पुढचं अनुदान अडतं. तुमच्या परिषदेशी काही संबंध नसलेल्या शेजारच्या प्राध्यापकाचा अर्जही त्यात लटकू शकतो.

प्रायोजकांना आभाराचं पत्र पाठवताना सोबत उपस्थितांची संस्थावार संख्या आणि त्यांच्या स्टॉलचे चार फोटो जोडा. नावं आणि फोन क्रमांक मात्र संबंधितांच्या संमतीशिवाय देऊ नका. शुल्क आणि प्रायोजकत्वातून काही शिल्लक राहिली असेल तर ती विज्ञान संस्थेच्या खात्यात "पुढील परिषद" या नावाने ठराव करून ठेवा. पुढच्या संयोजकाला सभागृहाची अनामत भरायला तीच रक्कम लागते. तिच्यासोबत तुमचा हेडचा तक्ता, प्रायोजकांची यादी आणि सीएने तपासलेला इनव्हॉइसचा नमुनाही त्याच्याकडे द्या.